शेवटचा चढ पायीच

आमच्या गाडीने आमचं घर कधी पाहिलं नाही. घर काशीत, मंगला गौरीच्या गल्लीत, खाली उतरलं की पंचगंगा घाट. समोरून सांड आला तर माणसालाच कुणाच्या तरी ओट्यावर चढून वाट द्यावी लागते, तिथे चारचाकीची काय कथा. गाडी उभी असायची मच्छोदरीकडे, एका ओळखीच्या लाकडाच्या वखारीत. त्यामुळे अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गाडी चालवायची असली की आधी बरंच पायी चालावं लागे. धोतर, उपरणं, कपाळाला गंध आणि करंगळीत अडकवलेली चावी अशा थाटात ते निघाले की कोपऱ्यावरचा पानवाला हमखास विचारी, "पंडितजी, आज केहर?" आज कुठे, याचं उत्तर म्हणून अप्पा नुसती चावी वाजवून दाखवत.

अप्पा पौरोहित्य करतात. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांना उतरवून घ्यायचं, पंचगंगेवर स्नान, घरी श्राद्धविधी, मग प्रयाग आणि विंध्याचल, हा आमच्या घरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. यजमानांना टॅक्सीवाले लुबाडतात, म्हणून अप्पांनी एक जुनी लहान डिझेल गाडी घेतली. हे जाहीर कारण. खरं कारण असं की त्यांना गाडी चालवायला भयंकर आवडायची, आणि काशीतल्या वैदिकाला ते चारचौघांत सांगणं बरं दिसत नव्हतं. आई हे ओळखून होती. गाडी आली त्या दिवशी तिने वखारीत जाऊन तिला ओवाळलं आणि म्हणाली, यजमानांचं कल्याण व्हायचं तेव्हा होईल, गुरुजींचं आजच झालं.

ती गाडी बिनटर्बोची होती. असली गाडी ज्यांनी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगते: तिच्यात खोटेपणा नावालाही नव्हता. पायाखाली दाबाल तेवढंच ती देणार, तेही सावकाश. जास्त दाबलंत तर वेग वाढायचा नाही, मागे काळा धूर तेवढा निघायचा. पुढच्या ट्रकला मागे टाकायचं तर ते आदल्या गावापासून योजावं लागे. उतार दिसला की वेग साठवून घ्यायचा आणि चढावर तो पुरवून पुरवून खर्चायचा. एसी होता, पण उड्डाणपूल आला की तो बंद करायचा, हे मला गिअर टाकायच्या आधी शिकवलं गेलं. कारण मीही त्याच गाडीवर शिकले. अप्पा शेजारी बसून म्हणायचे, काट्याकडे काय बघतेस, कानाने चालव. इंजिनाचा सूर खाली उतरू लागला की गिअर खाली, सूर मोकळा झाला की वर. पाठशाळेत स्वर चुकला की त्यांना छडी मिळायची, मला टपली मिळायची. आज बनारसच्या रहदारीत मी जी बिनधास्त गाडी हाकते ती त्या टपल्यांच्या जोरावर. मी शिकवते त्या शाळेतल्या बायका अजून माझ्या शेजारी बसल्या की दाराची मूठ घट्ट धरतात, पण तो त्यांचा प्रश्न आहे.

या गाडीपायी अप्पांना एक वाईट खोड मात्र लागली. यजमान स्नानाला पाण्यात उतरले की अप्पा संकल्प सांगता सांगता त्यांची वजनं जोखू लागले. ओल्या कपड्यांनी पायऱ्या चढणारं एखादं भरदार शरीर दिसलं की पुढे कोण, मागे कोण, डिकीत काय, अशी त्यांच्या मनात मांडणी सुरू व्हायची. जेवताना ते म्हणायचे, या वेळचे यजमान भारी आहेत. आई विचारायची, मनाने की गाडीला? अप्पा आमटी वाढ म्हणायचे.

आता त्या चढाचं सांगते. विंध्याचलला त्रिकोण यात्रा करतात, म्हणजे तीन देवींचं दर्शन. विंध्यवासिनी गावात, कालीखोह टेकडीच्या पायथ्याशी आणि अष्टभुजा वर. वर जायला डांबरी रस्ता आहे, पण तो वळणं घेत चढतो. रिकामी गाडी तो चढ कुरकुरत का होईना चढायची. त्या दिवशी ती रिकामी नव्हती. साताऱ्याकडचे एक यजमान पुढे बसले होते, मागे त्यांची पत्नी आणि भावजय, आणि त्या दोघींच्या मध्ये मी, कारण बायकांच्या सोबतीला घरातलं कुणीतरी हवं असं आईचं म्हणणं. डिकीत गंगाजलाने भरलेले गडू. ऊन मी म्हणत होतं.

दुसऱ्या वळणावर, पहिल्याच गिअरमध्ये, इंजिनाने मान टाकायला सुरुवात केली. एसी केव्हाच बंद झाला होता. काचा खाली होत्या. अप्पांचा पाय तळाला टेकला होता आणि सूर खाली, आणखी खाली चालला होता. मी कानाने शिकलेली. मला कळलं की आता ही बंद पडणार आणि मागे घरंगळणार. अप्पांनाही कळलं. त्यांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, मागे वळले आणि मोठ्या गांभीर्याने म्हणाले, "इथून पुढचा चढ पायी करायचा असतो. देवीचा मान आहे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हा माणूस कोण, तर एक दर्भ कमी पडला म्हणून विधी थांबवणारा. विमानाची वेळ झाली, जरा आटपतं घ्या, असं म्हणणाऱ्या यजमानाला 'मग श्राद्ध विमानातच करा' असं सांगून वाटेला लावणारा. शास्त्रात नाही, हे तर त्यांचं पालुपद. अमुक चालेल का विचारा, शास्त्रात नाही. आईने उपासाला एखादा नवा पदार्थ केला तरी शास्त्रात नाही. त्यांच्या तोंडून शास्त्रात नसलेली गोष्ट इतक्या सफाईने निघेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

यजमान मात्र वाक्य संपायच्या आत दार उघडून खाली उतरलेसुद्धा. उंचेपुरे, पांढऱ्या मिशांचे, शेतीवाडी राखून असलेले गृहस्थ. ते गाडीच्या पुढे गेले, बॉनेटवर पालथा हात ठेवला, क्षणभर डोळे मिटले आणि मग बायकांना म्हणाले, चला, उतरा, देवीचा मान हाय. भावजय कुरकुरली. त्यावर त्यांनी सांगितलं की गुरुजी म्हणतात म्हणजे त्यात काहीतरी असणारच. मग आम्ही चालायला लागलो आणि अप्पा एकटेच गाडी घेऊन वर गेले. चढावर यजमानांनी पत्नीचा हात धरला. ती भर रस्त्यात संकोचली, हात सोडवून घ्यायला बघू लागली, पण त्यांनी सोडला नाही. भावजय माझ्याकडे बघून पदराआड हसली. वर पोहोचलो तर अप्पांनी आमच्यासाठी लिंबूपाणी सांगून ठेवलं होतं. शरम वाटली की ते कुणाला तरी लिंबूपाणी पाजतात.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं तेव्हा ती हसून हसून दमली. अप्पा हसले नाहीत. ते त्या यजमानांच्या श्रद्धेबद्दलच बोलत राहिले. काय माणूस, एक शब्द उलट विचारला नाही, वर वाहनालासुद्धा हात लावून नमस्कार केला. पुढे कित्येक वर्षं अप्पा ही गोष्ट इतर यजमानांना सांगत आले. कुणी विधीत सवलत मागितली की साताऱ्याकडच्या त्या गृहस्थांचा दाखला निघायचा. श्रद्धा कशी असावी, तर तशी.

खोटं एकदाच बोलावं लागतं, पुढे ते आपल्या पायांनी चालतं. पुढच्या हंगामात एक कुटुंब आलं आणि त्यांनी आल्या आल्या विचारलं, तो पायी चढ कोणत्या दिवशी? साताऱ्याकडून त्यांना कळलं होतं. मग सांगलीकडून आले, त्यांनाही ठाऊक. आणि मग आमच्या गल्लीतले दुसरे एक गुरुजी, ज्यांचे यजमान दणकट भाड्याच्या गाडीतून जायचे, तेही आपल्या लोकांना त्या वळणावर उतरवू लागले. अप्पांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी त्या गुरुजींना गाठून विचारलं, हे कुठल्या शास्त्रात आहे? ते गुरुजी नम्रपणे म्हणाले, आम्ही आपल्याकडूनच ऐकलं. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

वरवर ही गंमत होती, पण अप्पांना ती आतून डाचत होती. एकदा वखारीत गाडी लावताना ते मला म्हणाले, उद्या हे उघड झालं तर लोक माझ्या बाकीच्या सांगण्यावर का विश्वास ठेवतील? कुणाच्या आईचं श्राद्ध मी सांगतो तसं ते करतात. तो माणूस गाडीसाठी देवीला पुढे करतो, असं कळलं तर? मी म्हटलं, कुणाला कळणार? ते म्हणाले, मला कळलेलं आहे ना. मी काचा वर केल्या का ते बघत बसले.

पुढे त्या गाडीच्या कागदांची मुदत संपली आणि मी दुसरी गाडी घेतली. तीही जुनी, तीही लहान, तीही डिझेलची, पण टर्बोवाली. अप्पांनी मिस्त्रीला विचारलं की टर्बो म्हणजे काय. मिस्त्रीने समजावलं की इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराने एक पंखा फिरतो, त्याच्या जोरावर दुसरा फिरतो, आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. अप्पांचा चेहरा उतरला. घरी येऊन ते आईला म्हणाले, "ही गाडी उष्ट्यावर चालते."

"उष्ट्यावर चालत नाही," आई म्हणाली, "उष्टं वाया घालवत नाही. संसारी आहे."

अप्पांनी गाडीवर गंगाजल शिंपडलं आणि चालवायला घेतली. जुन्या गाडीची सवय त्यांच्या पायात होती. रामनगरच्या पुलावर पुढे दुधाचे कॅन लटकवलेली मोटरसायकल होती. अप्पांनी दाबलं, काही झालं नाही. म्हणून आणखी दाबलं, तरी नाही. मग टर्बो जागा झाला आणि सगळं एकदम झालं. गाडीने अशी झेप घेतली की दूधवाला आमच्या काचेपाशी येऊन मागे गेला, आणि त्याने आमच्या सात पिढ्यांचा जो उद्धार केला तो संस्कृतात नव्हता. अप्पांनी पलीकडे जाऊन गाडी थांबवली, कपाळ पुसलं आणि म्हणाले, ही आधी विचार करत बसते आणि मग अविचार करते. तरी उतरायला तयार नव्हते. आठवडाभरात त्यांना ती युक्ती साधली. हवं असतं त्याच्या जरा आधी मागून ठेवायचं. मग मागे पाठीला जो दाब जाणवायचा त्याने ते लहान मुलासारखे खूश व्हायचे, आणि मी बघतेय हे लक्षात आलं की गंभीर व्हायचे.

तेव्हापासून मी घरच्यांची विभागणी करून टाकली आहे. अप्पा बिनटर्बोचे. दाबलं तेवढं बोलणार, चढाला धूर काढणार. आई टर्बोची. तिला काही बोललं की आधी काहीच होत नाही, आपल्याला वाटतं निसटलो.

टर्बोचं आणखी एक पथ्य असतं. लांबून पळून आल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही, इंजिन जरा वेळ नुसतं चालू ठेवायचं, म्हणजे तो आतला पंखा शांत होतो. जरा वेळ म्हणजे किती, असं अप्पांनी विचारलं. मिस्त्री म्हणाला, "अरे पंडितजी, बस तनी देर." तनी देर, म्हणजे थोडासा वेळ, हे माप अप्पांना मंजूर होण्यासारखं नव्हतं. त्यांनी देवीचं एक लहान स्तोत्र ठरवून टाकलं. गाडी थांबली की ते डोळे मिटून, हात जोडून स्तोत्र म्हणायचे आणि ते संपलं की चावी फिरवायची. मी चालवत असले तरी स्तोत्र तेच म्हणायचे. मागे बसलेले यजमान दाराला लावलेला हात मागे घ्यायचे आणि तेही डोळे मिटायचे. कुणी उतरत नसे. एका कुटुंबाने तर घरी जाऊन आपल्या ट्रॅक्टरवरही हे सुरू केल्याचं कळवलं. अप्पा म्हणाले, हे मी कुणाला करायला सांगितलेलं नाही. आई म्हणाली, तुम्हाला सांगावं लागतच नाही.

आणि गेल्या माघात साताऱ्याकडून फोन आला. त्या पांढऱ्या मिशांच्या यजमानांच्या मुलाचा. त्याचे वडील गेले होते. त्याच्या आईला काशी करायची होती, तीर्थविधी करायचे होते, आणि विंध्याचलचा तो चढ चालायचा होता. तिच्या छातीचं दुखणं निघालं होतं, डॉक्टरांनी चढउतार बंद केले होते. पण ती हट्टाला पेटली होती की मागे चालले तशीच चालणार. मुलगा म्हणाला, गुरुजी, आमचं कुणाचं ऐकत नाही, तुमच्या शब्दाबाहेर जायची नाही. पण तुम्हीच तेव्हा सांगितलं होतं म्हणते.

अप्पांनी फोन ठेवला आणि त्या दिवशी जेवताना पहिल्यांदाच भाताला नाव ठेवलं. आई समजायचं ते समजली. म्हणाली, सांगून टाका खरं. अप्पा म्हणाले, एवढ्या वर्षांची पत आहे. त्यावर नेहमीप्रमाणे आधी काही झालं नाही. आईने ताक वाढलं, भांडं खाली ठेवलं आणि मग म्हणाली, "त्या बाईच्या छातीपेक्षा तुमची पत मोठी असेल तर मला ती नको."

घाटावरचे आणि घरचे विधी पार पडले आणि आम्ही विंध्याचलला निघालो. मी चालवत होते, अप्पा शेजारी, मागे ती म्हातारी आणि तिचा मुलगा. ती बारीक झाली होती, पण डोळे मोठे तरतरीत. गाडी मिर्झापूरच्या रस्त्यावर झकास पळत होती. चौघांचं ओझं तिला जाणवतही नव्हतं, आणि मला त्या चढाची एरवी जी धास्ती वाटायची ती त्या दिवशी गाडीसाठी वाटत नव्हती. मला अप्पांसाठी वाटत होती. इतक्या कडक माणसाला पेचात पाहायची सवय नसते, आणि पाहिलं की त्याच्याबद्दल राग येण्याऐवजी माया येते.

अप्पांनी आधी रोपवेचा विषय काढला. हल्ली टेकडीवर जायला रोपवे झाला आहे, फार सोयीचा, वरून गंगासुद्धा दिसते. म्हातारी म्हणाली, तारेला लोंबकळून देवीकडं जायाचं? ह्यांनी नसतं केलं. जरा वेळाने अप्पांनी दुसरं काढलं. घसा साफ करून ते म्हणाले की सत्तरी ओलांडलेल्यांना या चढातून सूट असते.

"असं शास्त्रात हाय, गुरुजी?" म्हातारीने विचारलं.

ती खोचून विचारत नव्हती, साधंच विचारत होती. आहे, एवढंच म्हणायचं होतं. अप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी आरशात मागे बघितलं तर मुलगा त्या एका शब्दाची वाट बघत होता. तो आला नाही. कालीखोहचं दर्शन झालं तरी आला नाही. आम्ही टेकडीला लागलो, पहिलं वळण गेलं, आणि दुसऱ्या वळणाच्या अलीकडे अप्पा मला म्हणाले, गाडी बाजूला घे. तीच जागा होती. मी गाडी घेतली, इंजिन चालूच ठेवलं.

अप्पा मागे वळले. "माई," ते म्हणाले, "इथून पायी चालायचं असं शास्त्रात नाही. कुठेच नाही. तेव्हाच्या गाडीला टर्बो नव्हता. भरलेली असली की ती इथे बंद पडायची. मी खोटं बोललो."

मुलगा खिडकीबाहेर बघू लागला. मला वाटलं आता ही उतरून टॅक्सी मागते की काय. म्हातारीने पदर सारखा केला.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "आमची जीप बी तसलीच व्हती, बिनटर्बोची. ह्यांनी आवाज ऐकला, टोपनाला हात लावून बघितला तर चटका बसला. मुक्कामाला आल्यावर मला म्हनाले, गुरुजींच्या गाडीला चढ झेपंना. मानूस लाजंल, म्हनून मीच आधी उतरलो. तू कुठं बोलू नगंस."

ज्या नमस्काराचा दाखला अप्पांनी इतकी वर्षं इतक्या लोकांना दिला होता, तो नमस्कार नव्हता. कुठल्याशा गुरुजींची अब्रू राखायला एक भला माणूस उन्हात उतरला होता आणि श्रद्धेचं सोंग करून वर चालत गेला होता. मला त्या मिशांच्या माणसाबद्दल इतकं प्रेम दाटून आलं की मी उगाच आरसा सारखा करत बसले. अप्पांनी उपरण्याने चेहरा पुसला, आणि तो पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

मग त्यांनी विचारलं, हे ठाऊक होतं तर चालायचा हट्ट कशासाठी?

म्हातारीने मुलाकडे एकदा बघितलं, मग खाली मान घालून म्हणाली, "देवीसाठी नव्हं. हितनं वरपतूर त्यांनी माझा हात धरला व्हता. समद्यांच्या देखत. आख्ख्या संसारात तेवढाच."

अप्पा खाली उतरले, तिच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाले, समोरचं ते झाड दिसतंय तिथपर्यंत, मग गाडीत बसायचं. हे शास्त्र नाही, माझं सांगणं आहे. ती लगेच कबूल झाली. मुलाने तिचा हात धरला आणि ती दोघं हळूहळू चालू लागली. दोन पावलं मागे अप्पा, धोतराचा सोगा हातात धरून. आणि त्यांच्या मागे मी, पहिल्या गिअरमध्ये, क्लच सांभाळत. इतक्या सावकाश की त्या बिचाऱ्या टर्बोला जागं व्हायचं कारणच नव्हतं. मागून एक जीप हॉर्न वाजवत आली. मी काच खाली करून हात बाहेर काढला आणि पुढे चाललेल्यांकडे बोट दाखवलं. ड्रायव्हरने नमस्कारासाठी हात कपाळाला नेला आणि निमूट माझ्या मागे राहिला. बहुधा त्यालाही वाटलं असावं की इथे चालायचंच असतं.

झाडापाशी ती गाडीत बसली, दमली होती पण चेहरा निवळला होता. उरलेला चढही मी तसाच रांगत काढला, तिला हिसका बसू नये म्हणून. वर मी गाडी थांबवली आणि अप्पांनी सवयीने डोळे मिटून हात जोडले.

"ह्ये शास्त्रात हाय का ह्ये बी गाडीचंच?" म्हातारीने विचारलं.

"गाडीचंच," अप्पा डोळे न उघडता म्हणाले. "पण हे खरं आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. पथ्य खरंच आहे. त्या दिवशी त्याची गरज नव्हती, हे कानाने चालवणाऱ्या अप्पांना माझ्याइतकंच कळत होतं. तरी त्यांनी स्तोत्र अगदी सावकाश, एकेक अक्षर लावून म्हटलं, आणि ती मागे हात जोडून बसून राहिली. ते संपल्यावर मी चावी फिरवली.

ती मुलाच्या आधाराने उतरली, पुढे गेली आणि बॉनेटवर पालथा हात ठेवून क्षणभर डोळे मिटून उभी राहिली. मग अप्पांकडे वळली.

"नुसती कोमट हाय, गुरुजी," ती म्हणाली.

थंडीचे दिवस होते, वर वारा बोचत होता, तरी अप्पा लगबगीने सगळ्यांसाठी लिंबूपाणी सांगायला गेले.